कोटिंगची गोळी कुटून दिली तर चालते का?

गवतीचहा: आजींना गोळ्या गिळवत नाहीत. आम्लपित्ताची पॅन्टोप्राझोल ४०, मधुमेहाची मेटफॉर्मिन एसआर (हळूहळू सुटणारी) ५०० आणि साखरेचं कोटिंग असलेली बी-कॉम्प्लेक्स चालू आहे. तिन्ही खलात कुटून दिल्या तर? शिवाय मधुमेहात साखरेचं कोटिंग चालतं का?

खलबत्ता: बी-कॉम्प्लेक्स कुटा, फक्त कडू लागेल आणि वास येईल, तेच झाकायला तो थर असतो. त्यातली साखर ग्रॅमभरही नसते, काळजी नको.
पॅन्टोप्राझोल मात्र अजिबात नाही. तिचं आवरण जठरातल्या आम्लात टिकतं आणि आतड्यात आम्ल कमी होऊन पीएच (आम्लतेचं माप, आम्ल कमी तितका आकडा जास्त) ५.५ च्या वर गेला की विरघळतं. कुटलीत तर औषध आम्लातच नासतं, म्हणजे गोळी दिली काय न दिली काय!

साधीगोळी: एसआर तर त्याहून नको. तासन्‌तास हळूहळू सुटणारी मात्रा एकदम सुटते. मळमळ, जुलाब ठरलेले. साधी मेटफॉर्मिन विभागून किंवा पातळ औषध चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.

खलबत्ता: पॅन्टोप्राझोलऐवजी त्याच प्रकारच्या ओमेप्राझोलची कॅप्सूल मिळते, तेही डॉक्टरांना विचारूनच. ती उघडून आतले दाणे चमचाभर सफरचंदाच्या गार गरात घालायचे आणि लगेच गिळायला द्यायचे. दाणे चावायचे नाहीत, आवरण प्रत्येक दाण्यावर असतं. कवळी असेल तर नंतर चूळ भरायला लावा, दाणे खाली अडकतात.