‘एनलायटन्ड अ‍ॅब्सोल्यूटिझम’ला मराठीत काय म्हणावं?

दुपारचं ऊन: ऑस्ट्रियाच्या दुसऱ्या जोसेफवरच्या लेखाचं भाषांतर करतेय आणि या शब्दावर अडलेय. म्हणजे अठराव्या शतकातल्या युरोपात एनलायटनमेंटच्या, म्हणजे विवेकवादी विचारांच्या प्रभावाखाली, पण सगळी सत्ता स्वतःकडे ठेवून राजांनी वरून सुधारणा करणं. मी ‘प्रबुद्ध राजेशाही’ लिहिलं. संपादक म्हणतात, ‘जाणता राजा’ करा, लोकांना लगेच कळेल. मला पटत नाही. या माणसाने १७८१ मध्ये भूदासांना, म्हणजे जमीनदाराला बांधलेल्या शेतकऱ्यांना, मोकळं केलं, धर्मसहिष्णुतेचा आदेश काढला. १७८४ मध्ये हंगेरीच्या कारभारावर जर्मन लादली. त्याच वर्षी हुकूम काढला की मढं गोणीत पुरा आणि शवपेटी पुन्हा वापरा. लोक इतके खवळले की तो मागे घ्यावा लागला. यात ‘जाणता’ कुठे बसवू?

बोरू: बसवूच नका. रामदासांच्या ‘जाणता’त रयतेचं मन जाणणं आहे. जोसेफला हित कळत होतं, मन नाही. ‘प्रबुद्ध निरंकुशता’ घ्या. ‘अ‍ॅब्सोल्यूट’चं लॅटिन मूळही ‘सोडवलेला, मोकळा सुटलेला’ असंच आहे. अंकुश नसलेला हत्ती!

तिठा: निरंकुश म्हटलं की आपल्याला जुलमी दिसतो. प्रशियाच्या फ्रेडरिकने १७४० मध्ये गादीवर येताच चौकशीतला छळ जवळजवळ थांबवला. स्वतःला राज्याचा पहिला सेवक म्हणायचा. तो निरंकुश?

बोरू: त्याच डिसेंबरात ऑस्ट्रियाच्या सायलेशिया प्रांतात फौज घुसवली. कुणाला विचारून?

नदीकाठ: मला ‘प्रबुद्ध’च खटकतं. आमच्या घरात हा शब्द ‘प्रबुद्ध भारत’मुळे आला, बाबासाहेबांच्या १९५६ च्या वृत्तपत्रामुळे. तो स्वतः जागं होणाऱ्या माणसांचा शब्द आहे. रशियाच्या कॅथरीनने १७६७ मध्ये ‘नाकाझ’ या आदेशपत्रातून सुधारणांची तत्त्वं मांडली आणि १७८५ च्या सनदेने सरदारांचेच हक्क पक्के केले. भूदास होते तिथेच राहिले. तिला हा शब्द देववत नाही.

तिठा: मग ‘ज्ञानोदयी’?

बोरू: ‘ज्ञानोदय’ म्हटलं की मला १८४२ चं, नगरच्या मिशनऱ्यांचं नियतकालिकच आठवतं. त्यापेक्षा ‘प्रबोधनकालीन’.

नदीकाठ: शाळेच्या पुस्तकात प्रबोधन म्हणजे रेनेसाँ. दोनशे-तीनशे वर्षांचा घोळ होईल.

दुपारचं ऊन: लेख सोमवारी द्यायचाय. तूर्त ‘सुधारक निरंकुश राजे’ लिहू का?

तिठा: प्रबोधनावरून आठवलं. आमच्याकडे सप्ताहाच्या पत्रिकेत ‘समाजप्रबोधनपर कीर्तन’ छापतात. तिथे प्रबोधन म्हणजे उपदेश. हा अर्थ कधी आला?

बोरू: उपदेश कसा? प्र अधिक बुध्, म्हणजे जागं करणं. कीर्तनकार तेच करतो.

नदीकाठ: धातूत असेल. वापरात तसं राहिलेलं नाही.