चर्चा: फॅमिली डॉक्टरच्या कॉम्प्युटरवरून साथ आधी कळेल का?

मानेवाड्याचा:
दर पावसाळ्यात तेच. गल्लीतल्या डॉक्टरकडचं बाकडं तापाच्या पेशंटांनी भरतं आणि मनपाचे फवारणीवाले येईपर्यंत साथ ओसरत आलेली असते. रॅपिड किटवर डेंग्यू निघाला तरी सरकारी हिशेबात तो ‘संशयित’च, प्रयोगशाळेतली एलायझा तपासणी होईपर्यंत. इंग्लंडमध्ये रॉयल कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्स 1957 पासून फॅमिली डॉक्टरांचं जाळं चालवतं. डॉक्टर रोजच्या कामात निदान टाकतो, ते नाव वगळून आपोआप उचललं जातं आणि फ्लूसारख्या आजाराचे लाखामागे किती पेशंट, हे दर आठवड्याला कळतं. नागपुरात हे काहून नको?

ओपीडीवाला:
भाऊ, तिथे प्रत्येक माणूस एकाच दवाखान्यात नोंदलेला असतो, म्हणून तो ‘लाखामागे’ निघतो. आपल्याकडे एकाच तापात पेशंट सोमवारी माझ्याकडे, बुधवारी चौकातल्या डॉक्टरकडे आणि शुक्रवारी सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात. तिन्हीकडे मोजायचा का? मी केस पेपरवर ‘फीवर, 3 दिवस, अंगदुखी’ लिहितो आणि तो कागद पेशंट घरी घेऊन जातो. कॉम्प्युटर आहे, पण पावती छापायला. संध्याकाळी बाहेर वीस जण ताटकळत असताना कॉम्प्युटरमध्ये निदानाचा कोड कोण शोधत बसणार?

मानेवाड्याचा:
डॉक्टरसाहेब, नेमका आकडा कोण मागतंय? पेशंट तीन दवाखाने फिरतो तो दर आठवड्यालाच, म्हणजे दुबार मोजणीची चूकही दर आठवड्याला सारखीच. मागच्या आठवड्यापेक्षा दुप्पट झाले, एवढं दिसलं तरी पुरे.

बजाजनगरची ताई:
माझा विरोध वेगळ्या कारणाने. इंग्लंडचं कौतुक करताना ‘केअर डॉट डेटा’ विसरू नका. फॅमिली डॉक्टरांकडची माहिती एकत्र करायची ती योजना लोकांच्या अविश्वासामुळे 2014 मध्ये थांबवली आणि 2016 मध्ये गुंडाळली. नाव काढलं म्हणता, पण ‘अमुक वस्ती, 34 वर्षं, बाई, टीबी’ एवढ्यावर शेजारीण ओळखते. घरमालकाला कळलं की खोली गेलीच. वैयक्तिक माहिती जपायला 2023 चा डेटा कायदा आहे, पण त्यात सरकारला सवलतीही आहेत.

मानेवाड्याचा:
ताई, वय-लिंग कशाला पाठवायचं? वॉर्ड आणि ताप, बस. टीबीची नोंद तर डॉक्टरांना 2012 पासून सक्तीचीच आहे, नावासकट.

बजाजनगरची ताई:
म्हणूनच म्हणते. एक यादी झाली, आता दुसरी. पुढच्या वर्षी वयही मागतील.

इतवारीकर:
अरे बावा, साथ कुठे आहे हे कोणाला ठाऊक नाही? दिवाळीपर्यंत कूलर खिडकीतच, टाकीत पाणी, त्यात अळ्या. त्याला इंग्लंडचं जाळं कशाला? टाकी उलटी करायला माणूस पाठवा.

मानेवाड्याचा:
डेंग्यूपुरतं मान्य. पण 2018 मध्ये विदर्भात स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्याने होणारा ताप, आला तेव्हा? चावल्या जागी, काखेत नाहीतर जांघेत, एक काळी खपली, तीही प्रत्येकाला नसते. ताप डेंग्यूसारखाच, प्लेटलेटही उतरतात. चार दवाखान्यांत एकेक पेशंट आला तर चौघांनाही तो ‘कुठलातरी ताप’ वाटतो. चारही एका जागी दिसले तर कोणीतरी खपली शोधेल. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक वेळेवर मिळालं तर माणूस वाचतो, हे ओपीडीवाले सरच सांगतील.

ओपीडीवाला:
बरोबर आहे, खपली कपडे काढून पाहिल्याशिवाय सापडतच नाही. पण ताप मोजून स्क्रब कळत नाही, त्याला तपासणीचे रिपोर्ट लागतात. साथीच्या आजारांची नोंद करायचं सरकारचं आयएचआयपी पोर्टल 2021 पासून सुरू आहे. माझ्यासारख्याने त्यात माहिती भरली तर परत काय येतं? ‘तुमच्या भागात या आठवड्यात स्क्रब निघालाय, खपली बघा’ असा मेसेज मला आला तर मी रोज रात्री भरून देईन.

इतवारीकर:
म्हणजे डॉक्टर फितले!

ओपीडीवाला:
फितलो नाही. आपोआप उचलणार म्हणता ना? माझा कंपाउंडर पावतीवर सगळ्यांनाच ‘व्हायरल’ टाकतो. मुरगळलेल्या पायालासुद्धा.