रशियातला 'आधी शेती की आधी कारखाने' वाद, काय वाचू?

खाडीकाठ: मंडळी, मालवण तालुक्यातल्या आमच्या छोट्या वाचनालयात पावसाळ्यात रविवारी गप्पा असतात, यावेळी माझा नंबर आणि मी शायनिंग मारायला १९२० च्या दशकातला सोव्हिएत विकासाचा वाद घेऊन बसलोय. २० मिनिटं बोलायचंय. समीकरणं दिसली की मी पान उलटतो. एकच पुस्तक सुचवा.

कौलारू: अलेक्झांडर अर्लिख, द सोव्हिएट इंडस्ट्रियलायझेशन डिबेट, १९६० चं. रुक्ष आहे पण १९२४ ते २८ एवढ्याच काळावर आहे, भरकटणार नाहीस.

गजालीवाला: माका वाटता पुस्तकाआधी काजू बी घे. बीचा दर पडला आणि खत, पत्रे महागले तर आपण काय करतो, बी वाळवून पोत्यात ठेवतो, बघू नंतर. १९२३ ला तिकडे तेच, कारखान्याचा माल शेतमालाच्या तुलनेत युद्धाआधीपेक्षा जवळजवळ तिप्पट महाग, शेतकरी म्हणाला कशाला विकू? गहू घरात राहतो, हापूस असता तर चार दिवसांत मुकाट्याने वाशीला पाठवला असता! सगळा वाद या पोत्यावरचाच. पक्षातल्या डाव्या गटाचा अर्थतज्ज्ञ प्रिओब्राझेन्स्की म्हणे कारखान्याचा माल चढ्या भावाने विकून शेतीतला पैसा उद्योगाकडे ओढा, पक्षाचाच दुसरा नेता बुखारिन म्हणे शेतकऱ्याच्या हातात पैसा खुळखुळू दे, तोच खिळे-कापड मागेल, गोगलगायीच्या चालीने का होईना पण जाऊ.

खाडीकाठ: म्हणजे स्टॅलिनने शेवटी प्रिओब्राझेन्स्कीचंच ऐकलं ना?

कौलारू: हे मात्र स्टेजवर बोलू नकोस. प्रिओब्राझेन्स्की भावातून घ्या म्हणत होता, जबरदस्तीने नाही. स्टॅलिन आधी बुखारिनच्या बाजूने होता, डाव्यांना हाकललं आणि १९२८ पासून धान्य जबरीने उचललं, मग सामूहिक शेती, १९३२-३३ चा दुष्काळ. प्रिओब्राझेन्स्कीला १९३७ ला गोळी घातली, बुखारिनला १९३८ ला.

मिरगाचा पाऊस: आपल्याकडचं पण घे रे, नाहीतर लोक पेंगतील. १९५६ ची दुसरी पंचवार्षिक योजना, तिचा आराखडा करणारे महालनोबिस म्हणे आधी पोलाद आणि यंत्रं, मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद म्हणे आधी कामगाराच्या पोटाचं आणि कपड्याचं बघा.

खाडीकाठ: हे भारी. अर्लिख शोधतो. फक्त एक घोळ आहे, आमचे अध्यक्ष स्वतः काजू कारखानेवाले, त्यांच्यासमोर बीच्या दराचं उदाहरण द्यावं की नको?

गजालीवाला: चहा झाल्यावर दे.