अनुभव धागा: फ्रेंच शिकताना मराठी कुठे कामी आली, कुठे आडवी आली?

मंडळी, शाळेत फ्रेंच घेतलं ते मार्कांसाठी, चाळिशीत पुन्हा घेतलं ते हट्टानं. दोन्ही वेळा शिकले इंग्रजीतून. 'दप्वी' आलं की माझं वाक्य हमखास चुकायचं, कारण डोक्यात 'हॅव बीन लिव्हिंग'. फ्रेंचला तिथे साधा वर्तमानकाळ लागतो: 'जाबीत इसी दप्वी त्र्वा झाँ'. एकदा सहज मराठीत म्हणून पाहिलं, 'मी इथे तीन वर्षांपासून राहते', आणि कपाळावर हात मारला. 'दप्वी' म्हणजे आपलं 'पासून'!

तुमचे किस्से, अडलेले प्रश्न येऊ द्या. फजितीचे आधी.

*

फजिती म्हणताय तर घ्या. लिआँला एका घरी जेवायला होते. चीजचं ताट तिसऱ्यांदा पुढे आलं. 'पोट भरलं' म्हणायला मी 'ज स्वी प्लेन' म्हणाले. आजींना ठसका लागला. हा शब्द गाई-म्हशींना लावतात: गाभण. 'जे ब्याँ मांजे' म्हणायचं, छान जेवले.

*

तीन लिंगं सांभाळणारे आपण, दोनाला काय घाबरायचं? खुर्ची तिथेही स्त्रीलिंगी निघाली, हुरूप आला. मग चंद्र बाई निघाला, 'ला ल्यून'. आता शब्द पुल्लिंगी 'ल' किंवा स्त्रीलिंगी 'ला'सकटच पाठ करतो. 'ल लिव्र' पुस्तक, 'ला लिव्र' पौंड. नुसतं 'लिव्र' घोकून काय कळणार?

*

'येणार नाहीस?' याला 'येणार' म्हणायचं असेल तर नेहमीचं 'वी' (हो) नाही, 'सी'. आमच्या घरी त्याला 'की' म्हणतात. येणार की!

*

कोणीतरी भूतकाळावर बोला हो. 'एल ए आले' (ती गेली) लिहिताना शेवटी जादा 'ई' कशाला? ऐकू तर येत नाही.

*

वरच्यांसाठी: 'तो गेला, ती गेली' असं आपण का बदलतो? तेच. जाणं, येणं, जन्मणं, मरणं अशी मोजकी क्रियापदं भूतकाळात 'एत्र' (असणं) हे सहायक क्रियापद घेतात आणि कर्त्याप्रमाणे बदलतात.

खरी गंमत 'आव्वार' (जवळ असणं) हे सहायक घेणाऱ्यांची. 'मी लेख लिहिला', 'मी चिठ्ठी लिहिली': आपलं क्रियापद कर्माकडे बघतं. फ्रेंचही बघतं, पण कर्म आधी आलं असेल तरच. 'जे एक्री ला लेत्र' यात चिठ्ठी नंतर आली, काही बदल नाही. 'ला लेत्र क जे एक्रीत', मी लिहिलेली चिठ्ठी, इथे ती आधी आली. लिहिताना 'ई' लागला आणि मुका 'त' बोलू लागला. आमच्या वर्गात यावर दोन तास गेले. आपण हे दुधाच्या दातांपासून करतोय, कोणी सांगितलंच नाही. फक्त गाफील राहू नका: 'मी फ्रेंच शिकले' म्हणताना आपणही कर्माला विचारत नाही.

*

सत्याण्णव म्हणजे 'कात्र-वँ-दीसेत', चार विसा नि सतरा. वर्ग हसला, मी नाही. आमची आजी नारळ विसांवरच मोजायची. फोन नंबर मात्र अजून धड लिहिता येत नाही. 'स्वासाँत' (साठ) ऐकून सहा लिहावा तर मागून 'दूझ' (बारा) येतं. खोडा, बहात्तर करा. ब्रसेल्सला बदली झाल्यावर सत्तरला 'सेप्ताँत', नव्वदला 'नोनाँत' ऐकून जीव भांड्यात पडला. ऐंशीला तिथेही 'कात्र-वँ'च.

*

सून कॅनडातल्या फ्रेंचभाषी क्वेबेकची. पहिल्याच भेटीत मला 'त्यू' म्हणाली, मी चमकले. सासूला अरेतुरे? मग म्हटलं, पोटचा मुलगा कुठे मला 'अहो आई' म्हणतो! आता अडलंय ते विहीणबाईंपाशी. मी 'वू' म्हटलं तर त्यांना परकेपणा वाटेल का, आणि 'त्यू' माझ्या तोंडातून निघायचं कसं? तूर्त फोनवर 'बाँजूर' म्हणते आणि मुलाच्या हातात देते. क्वेबेकवाल्यांनो, सांगा लवकर, त्या जूनमध्ये येताहेत.