मदत हवी आहे: मिथेनच्या ज्वलनाची दोन पद्धतींनी दोन उत्तरं का येतात?

नमस्कार. आम्ही बडोद्याला, दांडिया बाजारात राहतो. मुलगी अकरावी सायन्सला आहे. सध्या अभिक्रियेतला ऊर्जाबदल काढायची गणितं चालू आहेत. अभ्यास मीच घेते, पण एका ठिकाणी आम्ही दोघी अडलोय.

मिथेनचं ज्वलन. निर्मिती एन्थाल्पी, म्हणजे मूलद्रव्यांपासून एक मोल पदार्थ बनतानाचा ऊर्जाबदल, वापरल्या (मिथेन −७४.८, कार्बन डायऑक्साइड −३९३.५, पाणी −२८५.८) की येतं −८९०.३ किलोज्यूल प्रति मोल. बंध ऊर्जांनी (अणूंमधला बंध तोडायला लागणारी ऊर्जा) केलं तर तुटणारे चार कार्बन-हायड्रोजन (४१३) आणि दोन ऑक्सिजन-ऑक्सिजन (४९८) मिळून २६४८. तयार होणारे दोन कार्बन-ऑक्सिजन दुहेरी (७९९) आणि चार ऑक्सिजन-हायड्रोजन (४६३) मिळून ३४५०. म्हणजे −८०२.

वर्गात सांगितलं, बंध ऊर्जा सरासरी असतात, फरक पडायचाच. पण ८८ म्हणजे फारच झालं! लेकीने हायड्रोजन-क्लोरीनचं करून दाखवलं: ४३६ + २४२ − ८६२ = −१८४, आणि दुसऱ्या पद्धतीने −१८४.६. तिथे जमतं तर इथे का नाही? 'सोडून दे, पाठ कर' असं मला तिला सांगायचं नाहीये.

प्रतिसाद १
ताई, लेकीची शंका अगदी रास्त आहे. −२८५.८ हा आकडा द्रव पाण्याचा. बंध ऊर्जा मात्र सगळं वायुरूप धरूनच दिलेल्या असतात. वाफेचा −२४१.८ घालून बघा. ते ८८ म्हणजे दोन मोल वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता, मोलला ४४. हायड्रोजन-क्लोरीनमध्ये सगळेच वायू, शिवाय त्या बंध ऊर्जा त्याच रेणूंच्या, सरासरी नव्हेत.

प्रतिसाद २
तक्ता जपून वापरा. काहींत कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाला ७४५ च्या आसपास आकडा असतो, तो कीटोनसारख्या संयुगांसाठी. इथे घातला की उत्तर −६९४ वर जातं.

धागाकर्ती
−८०२.३ आलं! लेक उड्या मारतेय. पण परीक्षेत कुठलं लिहायचं? आणि आमच्याकडे पाइपने येणारा गॅस बहुतांश मिथेनच ना, मग शेगडीवर कुठला आकडा धरायचा?

प्रतिसाद १
समीकरणात पाण्यापुढे कंसात अवस्था दिलेली असते, ती बघून. नुसती 'प्रमाण ज्वलन एन्थाल्पी' विचारली तर २५ अंशांना पाणी द्रव, म्हणून −८९०. शेगडीवर वाफ हवेत निघून जाते, त्यामुळे तिथे ८०२ च धरा. त्यातलीही सगळी उष्णता काही भांड्याला लागत नाही.