अरविंद गुप्तांची साइट राहिली की!

साध्या राहणीसाठी उपयोगी वेबसाइट कोणती, म्हणून इथं सगळे आपापलं मत देतायत. त्या यादीत आतापर्यंत सगळ्या परदेशीच साइट आल्यात, घरातला पसारा कसा काढायचा ते शिकवणाऱ्या. आमच्या परभणीकडं मुळात पसाराच कमी, ते असो. माझं मत अरविंद गुप्तांच्या साइटला. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, २०१८ चे पद्मश्री. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करतात. काडेपेटीतल्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या, म्हणजे बारीक रबरी नळीच्या, तुकड्यांनी जोडायच्या. चौकोन दाबला की वाकडा होतो, त्रिकोण मात्र जागचा हलत नाही. पत्र्याच्या शेडला कैच्या (छप्पर पेलणारे सांगाडे) त्रिकोणीच का, हे पोरांना बोटांनीच कळतं. मराठी पुस्तकंही फुकट उतरवून घेता येतात. साइट दिसायला जुनाट आहे, पण मजकूर भरगच्च. दुसरं नाव मराठी विश्वकोशाचं. तोही ऑनलाइन फुकटच आहे.