ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) : एकाचे अपंगत्वाचे टक्के कमी धरले, दुसऱ्याचा दावाच नामंजूर. अपील कुठे आणि किती दिवसांत?

शिरोली_कामगार_कट्टा · ९ सप्टेंबर २०२५

दोन कामगारांची पत्रं समोर ठेवून विचारतोय.

पहिला पॉवर प्रेसवर होता. उजव्या हाताची तर्जनी दोन पेरं आणि मधलं बोट एक पेर गेलं, असं डिस्चार्ज कार्डावर आहे. मेडिकल बोर्डाने अपंगत्व १३ टक्के धरलंय. पत्र ४ जुलैला हातात पडलं.

दुसरा रात्रपाळी सुटल्यावर १६ मे रोजी मोटारसायकलवरून घरी चालला होता. हायवेला वाठारच्या अलीकडे टेम्पोने उडवलं, मांडीचं हाड मोडलं. त्याला 'रोजगारातील इजा नाही' म्हणून दावा नामंजूर.

कोणी म्हणतंय तीन वर्षं मुदत आहे, सावकाश करा. कोणी म्हणतंय हायकोर्टाचं सर्किट बेंच आता कोल्हापुरात, दारात आलंय, थेट हायकोर्टात जा. वकिलाची फी दोघांनाही झेपणारी नाही. सुरुवात कुठून करायची?

फाईल_आधी · ९ सप्टेंबर

आधी दोन फायली वेगळ्या करा. एकाच अर्जाचा नमुना दोघांना लावला की दोन्ही अडकतात.

प्रेसवाल्याचा वाद टक्क्यांचा आहे, म्हणजे बोर्डाच्या निर्णयावरचं अपील, ईएसआय कायद्याचं कलम ५४-अ. त्याला मुदत निर्णय कळल्यापासून तीन महिने. तीन वर्षांचं जे ऐकलंत ते कलम ७७ मधलं, ते दुसऱ्याच्या कामाचं. पत्र ४ जुलैला मिळालं म्हणजे ४ ऑक्टोबर. त्या दिवशी शनिवार, आणि २ तारखेला गांधी जयंती आणि दसरा एकत्र. तेव्हा सप्टेंबर संपायच्या आत अर्ज दाखल झालाच पाहिजे. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का जपून ठेवा, पत्र कधी मिळालं याचा पुरावा तोच. उशीर झाला तर कारण देऊन माफी मागता येते, पण हातात तीन आठवडे असताना त्या वाटेला जाऊ नका.

अपील मेडिकल अपील ट्रिब्युनलकडे करता येतं किंवा थेट कर्मचारी विमा न्यायालयात. ट्रिब्युनलला गेलात तर पुढे न्यायालयाची पायरी शिल्लक राहते. थेट न्यायालयात गेलात तर वर फक्त हायकोर्ट उरतं. मात्र ट्रिब्युनल सध्या बसतंय का, हे शाखा कार्यालयात आधी विचारा. नसेल बसत तर वाट न बघता न्यायालय.

हायकोर्टाचं म्हणाल तर १८ ऑगस्टपासून कोल्हापुरात सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टात सर्किट बेंच सुरू झालं, मुंबईची फेरी वाचली हे खरं. पण कलम ८२ खाली तिथे विमा न्यायालयाच्या निकालावर, ६० दिवसांत, आणि कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच जाता येतं. बोटाचं पेर किती गेलं हा कायद्याचा प्रश्न होत नाही.

पेर_आणि_टक्के · १० सप्टेंबर

१३ कुठून आले ते सांगतो. कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, दोन पेरं ११, एक पेर ९. मधलं बोट पूर्ण १२, दोन पेरं ९, एक पेर ७, आणि हाड न जाता नुसतं टोक उडालं तर ४. बोर्डाने बहुधा तर्जनीचं एक पेर आणि मधल्याचं टोक धरलंय, ९ आणि ४. डिस्चार्ज कार्ड बरोबर असेल तर ११ आणि ७, म्हणजे १८ व्हायला हवेत. एकाच अपघातात अनेक इजा झाल्या तर त्यांची बेरीज होते.

सगळा वाद एक्स-रेवर फिरणार. प्रेसचा घाव सांध्यातून न जाता दुसऱ्या पेराच्या मधून गेला असेल तर हाडाचा खुंट उरतो, आणि बोर्ड म्हणतं एकच पेर गेलं. मधल्या बोटात हाडाचा शेंडा तुटलाय की नुसतं मांस, हे समोरून काढलेल्या फिल्मवर फसवं दिसतं. आता नव्याने समोरून आणि बाजूने, दोन्ही एक्स-रे काढा. प्रत्येक बोट सुटं दिसलं पाहिजे, एकावर एक नको. शिवाय अपघाताच्या दिवशीचा एक्स-रे आणि ऑपरेशनच्या नोंदी मूळ हॉस्पिटलातून लेखी अर्ज देऊन घ्या. नुसत्या डिस्चार्ज कार्डावर भिस्त ठेवू नका, ते बऱ्याचदा घाईत लिहिलेलं असतं.

खुंट उरलाय पण तो वाकत नाही, असं असेल तर परिशिष्टाच्या शेवटची टीप वाचा : अवयवाचा वापर पूर्ण आणि कायमचा गेला तर तो अवयव गेल्यासारखाच धरायचा. त्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञाकडून सांधा किती अंशात वाकतो आणि पकड किती उरलीय, हे आकड्यांत लिहून घ्या. 'हालचाल कमी आहे' एवढ्याने काही हाती लागत नाही.

फरक किती पडतो? सरासरी रोजचा पगार ५०० धरा. अपंगत्व लाभाचा पूर्ण दर त्याच्या ९० टक्के, ४५०. त्याचे १३ टक्के ५८ रुपये ५० पैसे रोज, १८ टक्के ८१ रुपये. महिन्याला पावणेसातशेचा फरक, आणि तोही जन्मभर.

पत्रात टक्के तात्पुरते आहेत की अंतिम, तेही बघा. तात्पुरते असतील तर बोर्ड पुन्हा होईल, पण तेवढ्यासाठी ही मुदत सोडू नका. आणि इतर कामगारांनाही सांगून ठेवा : रोजचा दर अगदी बारीक असेल तर एकरकमी रक्कम घेता येते, पण ती एकदा घेतली की बोर्डाविरुद्ध अपील करता येत नाही. तुमच्या माणसाचा दर त्यात बसणारा नाही.

शिरोली_कामगार_कट्टा · १० सप्टेंबर

आभारी आहे. दुसऱ्याचं थोडं सविस्तर : पाळी सकाळी ७ ला सुटली, अपघात ७:२५ चा. तो वाठारजवळच्या वडगावला भाड्याने राहतो. ईएसआयच्या नोंदीत पत्ता गडहिंग्लजचा, गावाकडचा. फिर्यादीत 'खासगी कामासाठी जात असताना' असं आलंय.

फाईल_आधी · १० सप्टेंबर

मग दावा कुठे अडला ते स्पष्टच आहे. नोंदीप्रमाणे घर दक्षिणेला गडहिंग्लजला आणि अपघात उत्तरेला वाठारकडे. कागद बघणाऱ्याला माणूस घरी चालला होता असं वाटणारच नाही.

कलम ५१-ई, १ जून २०१० पासून : कामावरून घरी जाताना किंवा घरून कामावर येताना झालेला अपघात रोजगारातलाच धरतात, फक्त वेळ, जागा आणि परिस्थितीचा कामाशी संबंध दाखवावा लागतो. तुम्हाला तीन गोष्टी जोडायच्यात. वेळेसाठी गेट रजिस्टर किंवा पंचिंगचा उतारा, पंचनामा आणि हॉस्पिटलच्या पहिल्या केसपेपरवरची वेळ. रस्त्यासाठी अपघाताच्या जागेचा नकाशा. आणि घर वडगावलाच आहे याचा पुरावा. फिर्यादीतल्या त्या वाक्यासाठी तपास अधिकाऱ्याकडे पुरवणी जबाब द्या. फिर्याद दुसऱ्या कोणी दिली असेल तर तेही त्यात लिहा, टेम्पोमागून आलेल्या माणसाला हा कुठे चालला होता ते कसं कळणार?

याचा अर्ज कलम ७५ खाली कर्मचारी विमा न्यायालयात, तो ज्या भागात कामाला होता तिथल्या. तीन वर्षं मुदत इथे. अर्जात रजेच्या काळातली तात्पुरत्या अपंगत्वाची रक्कमही मागा. पाय आखूड राहिला किंवा गुडघा अडकला तर टक्क्यांसाठी न्यायालय बोर्डाकडे पाठवू शकतं. कामाला लागून थोडेच महिने झालेत म्हणून कोणी अडवलं तर ऐकू नका, अपंगत्वाच्या लाभाला वर्गणीच्या दिवसांची अट नाही.

टेम्पोविरुद्ध मोटार अपघात दावा वेगळा. ईएसआय कायद्याचं कलम ५३ मालक आणि मालकाच्या नोकरांकडची भरपाई अडवतं, बाहेरच्या वाहनाची नाही. पण मोटार अपघात दाव्याला मुदत सहा महिने आहे, म्हणजे १६ नोव्हेंबर. इथे सावकाश करून चालणार नाही.

वकीलपत्र · ११ सप्टेंबर

फीचं बघू. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये औद्योगिक कामगार आणि दिव्यांग व्यक्ती दोन्ही येतात, त्यांना उत्पन्नाची अट लागत नाही. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज, ईएसआय कार्ड आणि निर्णयाचं पत्र घेऊन जा. हेल्पलाईन १५१००. वकील नेमून मिळाला की 'कामगार आणि विमा न्यायालयात काम केलंय का' हे विचारा, आणि नसेल तर बदलून मागा. त्यात संकोच कशाला?

तुमची युनियन नोंदणीकृत असेल तर ईएसआय कायद्याच्या कलम ७९ प्रमाणे कामगाराच्या लेखी अधिकारपत्रावर पदाधिकारीही न्यायालयात उभा राहू शकतो. बोर्डाच्या टक्क्यांचं अपील अनुभवी पदाधिकारी चालवू शकेल. ५१-ई ला मात्र वकीलच घ्या, तिथे साक्षीपुरावा आणि उलटतपासणी होते.

मिळालेल्या रकमेतला हिस्सा फी म्हणून मागणाऱ्याला बाहेरूनच नमस्कार. बार कौन्सिलच्या नियमात ते बसत नाही.

शिरोली_कामगार_कट्टा · ११ सप्टेंबर

भाडेकरार साध्या स्टँपवर आहे, नोंदणी केलेला नाही. चालेल?

वकीलपत्र · ११ सप्टेंबर

जोडा, पण तो एकटा पुरणार नाही. गॅसची पावती, बँकेचा पत्ता, पोरं वडगावच्या शाळेत असतील तर दाखला, आणि घरमालक साक्षीला. कागद अपघाताच्या आधीच्या तारखेचे हवेत. नंतर केलेला पत्ताबदल समोरची बाजू उलटा वापरते.

फाईल_आधी · ३ डिसेंबर २०२५

हा धागा आत्ता वाचणाऱ्यांसाठी : २१ नोव्हेंबर २०२५ पासून ईएसआय कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. त्याआधीच्या अपघातावर मिळालेला हक्क त्याने बुडत नाही. नव्या अपघाताच्या अर्जात मात्र वरचे कलम क्रमांक उतरवून घेऊ नका, संहितेतले घाला.